गाडीचे कुलूप : माल सांभाळा, पण माणूस कोंडू नका

आमचा धंदा कापडाचा. दुकान आहे, पण निम्मी विक्री दुकानाबाहेर होते. मालेगाव-भिवंडीचा माल घ्यायचा, गाडीत भरायचा आणि खानदेश-मराठवाड्यातले आठवडी बाजार, यात्रा आणि उरूस करायचे, हा आमच्या वालिदांच्या वेळेपासूनचा रिवाज आहे. आठवडी बाजार एका दिवसाचा असतो, पण मोठी यात्रा आठ-आठ, दहा-दहा दिवस चालते. तेवढे दिवस गाडी हेच आमचे गोदाम, हीच तिजोरी आणि रात्री हीच झोपायची जागा.

परदेशात लोक हौसेने अशी गाडी घेतात. तिच्यात पलंग, चूल, पाण्याची टाकी सगळे असते. तिला ते मोटरहोम म्हणतात. आपले फिरते व्यापारी, चादरवाले, भांडीवाले, बांगडीवाले हे तसलेच घर कितीतरी वर्षे वापरत आले आहेत, फक्त त्याला नाव नाही. परंतु घराच्या दारासाठी आपण सुताराशी दहा वेळा बोलतो आणि गाडीच्या दारासाठी गॅरेजवाला जे लावून देईल ते घेतो. कुलूप मात्र बाजारातले सर्वांत महाग आणतो आणि निश्चिंत होतो. आम्हीही असेच निश्चिंत होतो. त्या निश्चिंतीची काय किंमत पडली असती, ते प्रथम सांगतो.

सारंगखेड्याची रात्र

२००४ च्या डिसेंबरातली गोष्ट. तापीच्या काठावर सारंगखेड्याची यात्रा भरली होती. घोड्यांच्या बाजारासाठी ही यात्रा प्रसिद्ध आहे आणि घोड्यांबरोबर कापड, भांडी, घोंगड्या यांचाही मोठा बाजार तेथे भरतो. आमची बंद बॉडीची ४०७ गाडी पालाच्या मागे उभी होती. आत साड्यांच्या आणि लुंग्यांच्या गाठी. त्यातला निम्मा माल उधारीवर उचललेला, म्हणजे दुसऱ्याची अमानत.

त्या रात्री आम्हाला शहाद्याला नातेवाईकांकडे जावे लागले आणि तेथेच मुक्काम पडला. मालाजवळ आमचा भाचा होता, वय एकोणीस. झोपेत कोणी दार उघडू नये म्हणून आम्ही त्याला हौद्यात झोपवले, बाहेरून कडी लावली आणि तिला सात लिव्हरचे नवे कुलूप घातले. चावी आमच्या खिशात. "मामू, रात्री गरज लागली तर?" असे त्याने विचारलेही होते. आम्ही म्हणालो, "बेटा, एका रात्रीचा तर सवाल आहे."

नदीकाठची थंडी. मुलाने घमेल्यात थोडे कोळसे पेटवून आत घेतले होते. पहाटेच्या सुमारास घमेल्याला लागलेले गोणपाट धुमसू लागले. मुलगा जागा झाला तेव्हा डोके गरगरत होते आणि डोळ्यांपुढे काही दिसत नव्हते. त्याने पत्र्यावर लाथा मारल्या, "दरवाजा खोलो" म्हणून हाका मारल्या. शेजारच्या पालातले भांडीवाले आणि एक बांगडीवाले धावत आले. त्यांनी कुलपावर दगड घातले. कुलूप जागचे हलले नाही. मग भांडीवाल्यांनी जॅकची टॉमी आणली, कडीच्या मागे घातली आणि दोन झटके दिले. कोयंडा चार स्क्रूंसह उपटून हातात आला. दार उघडले.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा मुलगा घोंगडी पांघरून बसला होता आणि खोकत होता. दोन गाठी धुराने आणि पाण्याने गेल्या होत्या. कुलूप तुटलेल्या कोयंड्यात तसेच बंद लटकत होते. भांडीवाले आम्हाला एवढेच म्हणाले, "शेठ, कुलूप चांगलं होतं. पण ते कशावर लावलं होतं, आणि कुणावर लावलं होतं?"

या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही तेव्हापासून शोधत आहोत. ज्या कोयंड्याच्या कमजोरीने मुलगा वाचला, तोच कोयंडा कोणत्याही रात्री चोराला दोन झटक्यांत दार उघडून देणार होता. आणि जे कुलूप आम्ही मालासाठी लावले, ते मुलाच्या जिवावर बसले होते. एकाच दारात दोन्ही चुका होत्या.

कुलूप काय करते

मराठीतला कुलूप हा शब्द अरबी 'कुफ्ल' वरून आला आहे. आमचे शिक्षण उर्दूतले असल्याने लहानपणी हे ऐकून गंमत वाटे. शब्द जुना, तशी विद्याही जुनी. १२०६ साली आपला यंत्रांवरचा ग्रंथ पुरा करणाऱ्या अल-जझरीने चार चकत्या फिरवून उघडणाऱ्या, बिनचावीच्या कुलपाचे वर्णन केले आहे. आजचे नंबरचे कुलूप त्याच जातीचे.

आपण वापरतो ती कुलपे मुख्यतः दोन तऱ्हेची. एक लिव्हरचे. यात आत पितळी किंवा लोखंडी पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला खाच असते. बरोबर चावी फिरली की प्रत्येक पट्टी ठरल्या उंचीवर उचलली जाते, सर्व खाचा एका रेषेत येतात आणि खिट्टी सरकते. एक पट्टी केसभर जास्त किंवा कमी उचलली गेली तरी खिट्टी अडते. दुसरे पिनांचे, ज्याची चावी सपाट व एका बाजूने करवतीसारखी असते. त्यात स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना चावीच्या दात्यांनी उचलल्या जातात. हे तत्त्व अमेरिकेच्या लायनस येल यांनी १८६० च्या सुमारास आजच्या रूपात आणले. आपल्याकडे मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. अलीगढला तर कारागिरांच्या पिढ्या या धंद्यावर जगल्या. तेथे एकच कुलूप अनेक घरांतून फिरून तयार होते. ओतकाम एकाकडे, कानस दुसऱ्याकडे, पट्ट्या तिसऱ्याकडे, पॉलिश चौथ्याकडे. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या कुलपांनाही नाव आहे आणि २०१९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

इतके सांगण्याचे कारण एवढेच की न उघडणारे कुलूप जगात कोणी बनवलेले नाही. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराच्या पेढीने आपले कुलूप खिडकीत ठेवून उघडणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस लावले होते. साठ वर्षे कोणाला जमले नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेहून हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला आणि त्याने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून ते उघडले. म्हणजे कुलूप चोराला थांबवत नाही, वेळ लावते. चोराजवळ वेळ नसतो, हीच आपली जमेची बाजू. आपल्या यात्रेत हॉब्ज येत नाही, टॉमी घेऊन आलेला मनुष्य येतो. तो चावीच्या भोकाकडे पाहतही नाही. तो कडी पाहतो, बिजागरी पाहतो, पत्र्याचा सांधा पाहतो. सर्वांत कमी वेळात जे सुटेल तेथे हात घालतो. तेव्हा आपणही दार त्याच्या नजरेने पाहावे.

आधी कोयंडा, मग कुलूप

सारंगखेड्याहून परतल्यावर आम्ही गाडी थेट फॅब्रिकेशनवाल्याकडे नेली. त्याने जे केले ते कोणत्याही गावात होण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट कडी-कोयंड्याची. स्क्रू फळीत किंवा पातळ पत्र्यात धरत नाही. कोयंडा आरपार बोल्टने बसवावा, आतून रुंद पोलादी पट्टी द्यावी म्हणजे पत्रा फाटून बोल्ट निघणार नाही, आणि नट आतल्या बाजूला असावा. बाहेर दिसणारे बोल्टचे डोके गोल असावे, पान्याला धरता येणार नाही असे. कडी बंद झाली की तिच्याखाली सर्व बोल्ट झाकले जावेत.

दुसरी गोष्ट बिजागऱ्यांची. दार बाहेर उघडणारे असल्याने बिजागऱ्या बाहेरच असतात. पिन ठोकून काढली की कुलूप जागेवर राहते आणि दार दुसऱ्या बाजूने निघते. पिनेचे टोक वेल्डिंगने बंद करावे. शिवाय दाराच्या आतल्या कडेला बिजागरीच्या बाजूने दोन खुंट्या लावून चौकटीत त्यांना भोके द्यावीत. दार बंद झाले की खुंट्या भोकात बसतात. मग पिन काढली तरी दार हलत नाही.

तिसरी गोष्ट दोन पाटांच्या दाराची. मागच्या दाराचा एक पाट आतून वर-खाली खिट्ट्यांनी घट्ट असावा आणि दुसरा त्याच्यावर बसावा. पुष्कळ गाड्यांत पहिल्या पाटाची खालची खिट्टी गंजून गेलेली असते आणि मालक वर्षानुवर्षे पाहत नाही.

आता कुलूप. लिव्हरची संख्या हा एक गुण आहे, एकमेव नव्हे. कुलपाची कमान किती जाड आणि कठीण पोलादाची आहे ते पाहावे. लोखंडी करवत कमानीवर घासून पाहिली आणि ओरखडा खोल उठला तर ती कमान मऊ आहे. कमानीचा जेवढा भाग उघडा राहतो तेवढी कटरला जागा मिळते. म्हणून कोयंड्याच्या भोकात जेमतेम बसेल अशी जाड आणि आखूड कमान घ्यावी. ज्या कुलपाची कमान त्याच्या अंगाखालीच लपते असे गोल कुलूपही मिळते. त्याला पोलादी घर वेल्ड करून दिले की टॉमी घालायला फटच राहत नाही. नंबरचे स्वस्त कुलूप मात्र मालाच्या दाराला लावू नये. चकत्या बोटाने चाचपून ते उघडणारे पुष्कळ आहेत.

चावीचे भोक पाऊस आणि धुळीपासून झाकलेले हवे. कुलपात खाण्याचे तेल घालू नये. त्यावर धूळ चिकटून पट्ट्या जाम होतात. पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड टाकली तर कुलूप मोकळे राहते.

माणूस आत असेल तर

आता भांडीवाल्यांचा दुसरा प्रश्न. आमच्या ओळखीच्या दहा फिरत्या व्यापाऱ्यांना विचारले, तर निम्म्यांनी कबूल केले की ते नोकराला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. कारणे दोन. एक, पोराला झोप लागली तर माल जाईल. दुसरे, जे कोणी मोठ्याने बोलत नाही, पोरगाच माल देईल. दोन्ही कारणे असली तरी कोणाच्या लेकराला पत्र्याच्या पेटीत कोंडण्याचा आपल्याला हक्क नाही. माल अमानत असतो, तसा ज्याच्या आईने तो आपल्याबरोबर पाठवला तो मुलगाही अमानतच असतो.

बंद हौद्यात कोळसा, स्टो किंवा गॅसची शेगडी पेटवणे म्हणजे हवेतला प्राणवायू खाणे आणि वर विषारी वायू सोडणे. कोळशाच्या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो, हाक मारायलाही उठत नाही. आमच्या भाच्याला गोणपाटाच्या धुराने जाग आणली, हीच त्याची नशिबाची गोष्ट. गोणपाट पेटले नसते तर सकाळी आम्ही स्वतः चावीने दार उघडले असते आणि काय पाहिले असते, हा विचार आजही सोसत नाही.

म्हणून आमच्या गाडीत आता असे आहे. माणूस आत असेल तेव्हा बाहेरचे कुलूप लागत नाही. दाराला आतून जाड अडसर आहे. तो हाताने सरकतो, त्याला चावी नाही. अंधारात, घाबरलेल्या माणसाला चावी सापडत नाही, म्हणून ही अट आम्ही कारागिराला दोनदा सांगितली. बाहेरून टॉमी घातली तरी अडसर धरून राहतो, आतून मात्र एका हाताने निघतो.

पण एक सावधगिरी हवी. आपल्याकडे चोरांची जुनी रीत आहे की शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावायच्या, म्हणजे आरडाओरड झाली तरी कोणी बाहेर येऊ शकत नाही. गाडीलाही असे होऊ शकते. म्हणून आत झोपताना बाहेरच्या कोयंड्यात कुलूप एकटेच घालून बंद करून ठेवावे. मग त्या कोयंड्यावर कडी बसतच नाही आणि कोणाला बाहेरून दार लावता येत नाही. खर्च काही नाही.

याशिवाय निघायला दुसरी वाट हवी. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये माणूस निघेल एवढी खिडकी, आतून उघडणारी. मात्र बॉडी कापण्याआधी आर.टी.ओ. मध्ये विचारून परवानगी घ्यावी. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाबाहेर गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. वर हवा खेळायला जाळीची दोन झरोके, दाराजवळ दोन किलोचे पावडरीचे अग्निशामक, आणि आत काहीही पेटवायचे नाही. थंडी असेल तर घोंगडी वाढवावी. आणि हे सारे उभ्या गाडीपुरते. चालत्या मालगाडीच्या हौद्यात माणूस बसवूच नये.

चावीचा हिशोब

अमेरिकेतल्या मोटरहोमांची एक मजेदार गोष्ट आहे. त्यांच्या बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांना अनेक कंपन्या वर्षानुवर्षे एकाच जातीची कुलपे बसवत आल्या, आणि त्यांची चावीही एकाच क्रमांकाची, सी.एच. ७५१. एका गाडीची चावी दुसऱ्या गाडीला, दुसऱ्याची तिसऱ्याला. चावी बाजारात सुटी मिळते. लाखो रुपयांच्या गाडीचा मालक कुलूप लावून निश्चिंत झोपतो आणि शेजाऱ्याच्या खिशात त्याचीच चावी असते.

हसू नये. आपल्या बाजारातही स्वस्त कुलपांच्या चाव्या मोजक्याच तऱ्हेच्या असतात. एकाच दुकानातून एका खोक्यातली दहा कुलपे घेतली तर त्यांत एकमेकांना लागणाऱ्या चाव्या निघतात. कुलूप घेताना दुकानदाराकडच्या इतर चाव्या त्यात फिरवून पाहाव्यात. भला दुकानदार रागावत नाही.

चावीवर किंवा कुलपावर नंबर कोरलेला असेल तर तो वहीत लिहून घ्यावा आणि कुलपावरचा घासून टाकावा. दुसरी चावी गाडीत ठेवू नये, घरी ठेवावी. तिसरी असूच नये. चावी बनवून घ्यायची असेल तर कारागिरासमोर उभे राहून घ्यावी. साबणाच्या वडीवर छाप उठायला क्षणही लागत नाही.

नोकर काम सोडून गेला की कुलूप बदलावे. यात त्याच्यावर आळ नाही. पुढे काही झाले तर त्याच्यावरच संशय जाईल, तो जाऊ नये म्हणून बदलावे. आमच्या धंद्यात चोरीने जेवढी घरे तुटली नाहीत, तेवढी संशयाने तुटली आहेत. नव्या कुलपाचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

केबिन आणि इंजिन

हौदा कितीही पक्का केला, पण चोर केबिनमधून गाडीच घेऊन गेला तर काय उपयोग? गाडी सुरू ठेवून चहा घ्यायला उतरणे ही आपल्या ड्रायव्हर लोकांची मोठी खोड आहे. चावी गाडीत सोडली असेल तर विमा कंपनी भरपाईच्या वेळी तेच कारण पुढे करते.

केबिनच्या दारांची मूळ कुलपे जुन्या गाडीत झिजलेली असतात. कोणतीही पातळ पट्टी घातली की फिरतात. ती बदलून घ्यावीत. रिमोटची गाडी असेल तर बटण दाबून चालू लागू नये, दार ओढून पाहावे. केबिनमध्ये झोपणाऱ्यांसाठी परदेशातल्या मोटरहोमवाल्यांची एक युक्ती चांगली आहे. दोन्ही दारांच्या आतल्या हँडलमधून एक मजबूत पट्टा ओवून ताणून बांधायचा. कुलूप उघडले तरी दार उघडत नाही. पट्ट्याला एका हाताने सुटणारे बक्कल असावे, गाठ नसावी. कारण तेच, आगीत गाठ सुटत नाही.

बॅटरीची तार तोडणारा एक लपवलेला खटका कोणताही गाडीचा वायरमन बसवून देतो. स्टिअरिंगला किंवा गिअरला लावायचे लोखंडी कुलूप मिळते. ते बाहेरून दिसते हाच त्याचा फायदा. माग काढणारे जी.पी.एस. यंत्रही आता पुष्कळ जण लावतात. ते दिसणार नाही अशा जागी असावे. आणखी एक फुकटची सोय आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टोलनाक्यावरून गाडी गेली की मालकाच्या मोबाईलवर संदेश येतो. म्हणून फास्टॅगला आपलाच चालू नंबर जोडलेला ठेवावा. पुष्कळांचा तो विकणाऱ्या एजंटाचा किंवा जुन्या मालकाचा असतो.

गाडी उभी करताना मागचे दार भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीच्या मागच्या दाराला भिडवून उभी करावी. दार उघडायला जागाच उरत नाही. मात्र हे आत कोणी झोपणार नसेल तेव्हाच. रोकड गाडीत ठेवू नये. गल्ल्याचा हिशोब नोकरांसमोर आणि गिऱ्हाइकांसमोर मोजत बसू नये. चढाच्या घाटात ताडपत्रीच्या गाडीवर मागून चढून माल उतरवणाऱ्यांची गोष्ट जुनी आहे. तेथे रात्री एकट्याने जाण्याऐवजी दोन-चार गाड्यांची सोबत करावी.

चोरी झालीच तर

उंटाला आधी दोर बांधावा आणि मग तवक्कुल करावे ही शिकवण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. कुलूप हा दोराचा एक पेड. दुसरा पेड कागदांचा आहे आणि तेथे आपले लोक फार कच्चे पडतात.

निव्वळ थर्ड पार्टी विम्यात गाडीची चोरी येत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा भाग असलेला विमा लागतो. आणि तो पूर्ण विमा असला तरी गाडीतल्या कापडाला तो लागू नाही. मालासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. वाहतुकीतल्या मालाच्या या विम्याला समुद्र नसला तरी मरीन विमा म्हणतात, त्यामुळे पुष्कळांना तो आपल्यासाठी आहे हेच कळत नाही. घेताना उभ्या गाडीतून, रात्री, राखण नसताना चोरी झाली तर काय, हे एजंटाकडून तोंडी नव्हे, लेखी पाहून घ्यावे. कोणत्या गाठीत काय होते याची यादी आणि खरेदीची बिले यांची प्रत गाडीत नव्हे, दुकानात असावी. मालाबरोबर कागदही चोरीला गेले की दावा कशावर करणार?

चोरी लक्षात आली की कशालाही हात न लावता लगेच पोलिसांत जावे. प्रवासात एक अडचण नेहमी येते. रात्री चाळीसगावला गाडी लावली, सकाळी कन्नडला कडी तुटलेली दिसली, मग तक्रार कोणत्या ठाण्यात? पूर्वी व्यापाऱ्याला एका ठाण्यातून दुसऱ्यात हेलपाटे पडत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. यालाच झिरो एफ.आय.आर. म्हणतात. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला आहे की गाडी चोरीची फिर्याद लगेच नोंदवलेली असेल तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही. परंतु या निर्णयाच्या भरवशावर उशीर करू नये. आणि गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या जपून ठेवाव्यात. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मागते.

कारागिरांसाठी नवे काम

आपल्या वाचकांत फॅब्रिकेशनवाले, पत्रावाले, वेल्डर, कुलूप दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी यात रोजी आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. घरासारख्या सजवलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करण्याच्या जागा यांचा त्यात विचार आहे. अशा गाड्यांसाठी ए.आय.एस. १२४ नावाचे वेगळे मानक आहे. तेव्हा हे काम मनाला येईल तसे करण्याचे नव्हे, नियम वाचून, मान्यतेने करण्याचे आहे. जो कारागीर नियम समजून घेईल त्याला पुढे काम कमी पडू नये.

पण त्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. आपल्या बाजारातल्या शेकडो टेम्पोंना आजच चांगली दारे हवी आहेत. बोल्टचा कोयंडा, बिजागरीच्या खुंट्या, कुलपाचे पोलादी घर आणि आतला अडसर, एवढे चार नग ठरल्या मापात तयार ठेवले तर एका दिवसात गाडी होऊ शकते. फक्त एक विनंती. गिऱ्हाईक म्हणेल की बाहेरून पक्के कर, आतले राहू दे. त्याला आतला अडसर बसवल्याशिवाय गाडी देऊ नका. पैसे देणारा मालक असतो, पण आत झोपणारा दुसराच कोणी असतो आणि तो तुमच्या दुकानात सांगायला येत नाही.

आमचा भाचा आता स्वतःची गाडी घेऊन यात्रा करतो. त्याच्या गाडीचे दार आम्ही पाहिले. कोयंडा बोल्टचा आहे, कुलूप मध्यम किमतीचे आहे आणि आतला अडसर त्याने लाल रंगाने रंगवला आहे, धुरातही दिसावा म्हणून. नवीन नोकर ठेवला की त्याला तो हौद्यात उभा करतो, दार लावतो, डोळे मिटायला सांगतो आणि म्हणतो, "आता उघड." पोराला ते जमल्याशिवाय तो त्याला गाडीत झोपू देत नाही.

व्यापारी बंधूंनी आज दुकान बंद केल्यावर एवढेच करावे. गाडीत जाऊन दार आतून लावावे, दिवा घालवावा आणि स्वतः उघडून पाहावे.